शिवेबाहेरची रात्र

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी भैरवनाथाच्या देवळातला नंदादीप पुसला, वात बदलली आणि पायरीवर बसलेल्या माझ्या मुलाला, स्वराजला, विचारले की माणसे दूरच्या ग्रहांवर राहायला न्यायची तर नेतील कशी. हे मृत्युपत्र खरे तर तेव्हाच सुरू झाले. मी, सोपान भिकाजी केदारी, वय एकोणपन्नास, राहणार करंजवाडी, तालुका मावळ, धंदा शेती व गुलाबाचे पॉलिहाऊस, ते आज शांत डोक्याने, कोणाच्याही दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

राहते घर पत्नी सारिका हिला. ती आहे तोवर तिला तिथून कोणी उठवू नये. पॉलिहाऊस तिचे आणि स्वराजचे निम्मे-निम्मे. कलमाचा चाकू स्वराजला. वापरला नाही तरी गंजू देऊ नये. चुलतभाऊ हौशीराम याने बांधावरचा आंबा मला न विचारता तोडला, तो राग मी कोणाच्या नावे करीत नाही, बरोबर नेतो.

आता दिव्याचे. पणजोबा नवस बोलले होते की आमच्या घरातला थोरला गावाच्या शिवेबाहेर रात्र काढणार नाही आणि हा दिवा विझू देणार नाही. सारिकाच्या बाळंतपणात मी दवाखान्याच्या दारातून तिन्हीसांजेला परत फिरलो. तिने ते कधी बोलून दाखवले नाही, म्हणून जास्त लागते. हायवेवरून जाणाऱ्या गाड्या मी टेकडीवरून पाहत आलो. स्वराज थोरला. त्याला बंगळुरूला उपग्रहांच्या कामावर बोलावले आहे आणि तो नुसता "बघू" म्हणतो.

त्या सकाळी त्याने तीन वाटा सांगितल्या. माणसांना गोठवून झोपवायचे आणि पोचल्यावर उठवायचे. किंवा नुसते गर्भ पाठवायचे, तिथे यंत्रांनी वाढवायचे. किंवा गावाएवढे यान करायचे. निघणारे वाटेतच मरतील, त्यांच्या नातवंडांची नातवंडे पोचतील.

"मग मधल्यांनी काय करायचं?" मी विचारले.

"यान चालू ठेवायचं, आबा. आन् पोरं वाढवायची."

"त्यांना कुनी इचारलं व्हतं का?"

"जन्माच्या आधी कसं इचारणार?" तो हसला, मग त्याची नजर माझ्या हातातल्या वातीवर गेली.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. झोपणाऱ्याने निदान स्वतः होकार दिलेला असतो, मात्र त्याला उठवणाऱ्यावर भरवसा हवा. यंत्राने वाढवलेल्या लेकराला पहिली हाक कोण मारणार, हे मला उमगत नाही. तिसरी वाट स्वराजला सर्वांत शक्य वाटते. मला ती सर्वांत कठीण वाटते, कारण तिच्यातला मधला माणूस मी आहे. निघण्याचा आनंद पणजोबांचा. पोचणे कोणाचे, ठाऊक नाही.

देवाला कौल लावला: उजवी कळी पडली तर नवस सोडावा, डावी पडली तर पाळावा. दोन्ही कळ्या दगडाला चिकटून राहिल्या. उजवी पडली नाही, डावीही नाही. देवाने ते माझ्यावर सोडले असे मी धरले, आणि काल दुपारी तेलाची बुदली घेऊन हौशीरामच्या दारात गेलो. आपल्या वाटणीला दिवा यावा म्हणून तो जन्मभर भांडला.

"सकाळी इझलेला दिसला, तर माज्या नावानं बोंबलशील," तो म्हणाला.

"न्हाई बोंबलणार."

"मग जा की. कवापासून वाट बघतोय."

ती बुदली त्याचीच. त्याच्यामागे गावात ज्याला आवडीने तेल घालायचे त्याने घालावे. शिवेची अट कोणालाही लागू नाही.

रात्री मी शिवेबाहेर, लोणावळ्याला, माझ्या शाळेतल्या शिक्षिका सरोजिनीबाईंकडे मुक्काम केला. त्यांनी जास्तीचे पांघरूण दिले आणि काही विचारले नाही. झोप लागली नाही, पण मी उठून निघालोही नाही. दिवा जळतो आहे की नाही, हे फोन करून विचारलेले नाही. नवस माझ्या हातून मोडला आहे; भैरवनाथाने जाब मला विचारावा. स्वराजकडे वारशाने तो जात नाही.

साक्षीदार:
१. सरोजिनी केशव दामले, निवृत्त शिक्षिका
२. राजेंद्र आदिनाथ शहा, दामलेबाईंचे शेजारी

सही: सोपान भिकाजी केदारी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४, सूर्योदयानंतर
मुक्काम: लोणावळा