अण्णांचे घसरलेले मार्क

अण्णा,

मेंदू हीच माणसाची खरी इस्टेट, असं स्मरणशक्तीच्या ॲपमध्ये म्हटलंय. तुमची इस्टेट, म्हणजे ते ॲप असलेला फोन, टीव्हीमागं चार्जिंगला लावली आहे.

त्या ॲपमधले तुमचे मार्क घसरत चालले म्हणून घाबरून सोलापूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती रद्द केली. काल दाराआडून बघितलं. चित्र हुरड्याचं होतं. तुम्ही तोंडानं "हुरडा" म्हणालात आणि बोट मुद्दाम "भुईमूग" या उत्तरावर ठेवलंत. बरोबर आलं की फोनमधली बाई "शाब्बास आजोबा" म्हणून गप्प होते. चुकलं की "आजोबा, पुन्हा सांगते हं" म्हणत शेत, हुरडा भाजायची आगटी, चटणी सगळं ऐकवते. तुम्ही वर "व्हय बाई, सांग की निवांत" म्हणत होता.

बोलायचं असेल तर माझ्याशी बोलत जा. आज माझा मुक्काम लोहाऱ्याला आहे.

रणधीर