गॅरड बाईंचा परकर

प्रिय लेटी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी उत्तर मी माझ्या हातानं लिहितेय. कोळशेवाल्याच्या बायकोला सांगून लिहून घेतलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कालपासून बसलेय आणि एवढंच झालंय. याऐवजी लाल दोऱ्यानं कपड्यांवर खुणा घालायच्या असत्या, तर एव्हाना चाळीस घरांच्या झाल्या असत्या. तुला तुझ्या आईचा कॅनडातला पत्ता हवाय, तो मिळाला की बाथची नोकरी सोडून तू जहाजात बसणार. पत्त्यावर येते. पण आधीचं सगळं वाच. मधलं गाळून शेवट वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती इथं चालायची नाही.

गेल्या महिन्यात ब्रेंटफर्डच्या बाजारात मला एलन गॅरड भेटली. तू म्हणशील ही कोण. पंधरा वर्षांपूर्वी, तू चार वर्षांची असताना, ब्रेंटफर्डच्या कालव्यात एक बाई सापडली होती, गळा आवळून टाकलेली. मारणारा कधी सापडला नाही. तिच्यावर गाणं छापून रस्त्यात विकत होते, आणि त्यात तिचे डोळे निळे केले होते, कुणी बघितलेही नसताना. ती बाई म्हणजे एलन गॅरड. त्याच नावानं तिची चौकशी झाली, त्याच नावानं ती पुरली गेली. आणि तीच बाई माशांच्या टोपलीपाशी उभी राहून वाम बारीक आहेत म्हणून मासेवाल्याशी हुज्जत घालत होती.

मी तिचा दंड धरला. म्हटलं, "गॅरड बाई, तुम्ही मेलात ना?" ती जरासुद्धा दचकली नाही. म्हणाली, "मीही तसंच ऐकलंय. जरा हळू बोला, इथं मला वेगळ्या नावानं ओळखतात." मग कोपऱ्यावर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. नवरा पट्टा घेऊन तिच्या मागं असायचा. ती खोली सोडून गेली की दर वेळी हुडकून काढायचा. त्या आठवड्यात ती एका शिपायाबरोबर पोर्ट्समथला पळाली आणि तिथं कुणीतरी तिला पेपरातून तिच्याच खुनाची बातमी वाचून दाखवली. "मी म्हटलं, बरं झालं," ती म्हणाली. "मेलेल्या बाईला नवरा शोधत नाही. तो गेला चार वर्षांपूर्वी, म्हणून तर परत आले." मी म्हटलं, मग त्या कालव्यातल्या बाईच्या अंगावर तुमचा परकर कसा? तर उलट माझ्यावरच डाफरली. "ते मी तुम्हाला विचारायचं. सोमवारी तुमच्या लाँड्रीत दिला होता, नवाकोरा. एक टाका उसवलेला नव्हता. शनिवारी परत मिळायचा, त्याआधीच मला पळावं लागलं." पंधरा वर्षं मेलेली बाई, आणि परकर मागतेय.

आता परकराचं ऐक. तेव्हा मी अ‍ॅक्टनला हॉब्डे बाईंच्या लाँड्रीत खुणा घालायचं काम करायचे. तू पिंपाआड लपून बसायचीस, तीच लाँड्री. प्रत्येक घराची खूण वेगळी: कुणाच्या दोन फुल्या, कुणाची एक फुली नि खाली आडवा टाका. बाकीच्यांना वही बघावी लागायची. मला वही धड वाचता यायची नाही, म्हणून सगळी घरं माझ्या डोक्यात. कालव्यातल्या बाईची ओळख पटेना, पाण्यात चार-पाच दिवस राहिलेली, तेव्हा सार्जंट मला मुडदेघरात घेऊन गेला. तीन फुल्या, वर आडवा टाका. मी सांगितलं, ही गॅरड. त्याच आठवड्यात गॅरड गायब झालेलीच होती. तिची घरमालकीण येऊन म्हणाली, केस तसलेच, तपकिरी. अ‍ॅक्टनमध्ये निम्म्या बायकांचे केस तपकिरी आहेत, माझेही होते. झालं, नाव लागलं. सार्जंट म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी चार माणसं असती तर आम्हाला काम उरलं नसतं." मी आठवडाभर मान ताठ करून फिरले.

पण त्या सार्जंटला एक गोष्ट माहीत नव्हती आणि आम्हा नऊ जणींपैकी एकीनंही ती सांगितली नाही. गिऱ्हाइकांचं धुणं सोमवारी येतं, शनिवारी जातं. मधले दिवस आमच्यातली प्रत्येकजण कुणाचं ना कुणाचं काहीतरी अंगावर घालून असायची. वाफेत आपलं भिजून चिंब व्हायचं, बदलायला दुसरं नाही. शुक्रवारी काढायचं, धुवायचं, खळ घालायची, इस्त्री फिरवायची, की गिऱ्हाइकाला काय कळतंय. एका न्यायाधीशाच्या बायकोचा परकर मी तीन हिवाळे वापरला. तिच्यापेक्षा मला बरा बसायचा. हे बाहेर फुटलं असतं तर एका घराचं धुणं आलं नसतं. तेव्हा खूण सांगायची, कपडा कुणाचा ते सांगायचं, आणि आत कोण होतं याबद्दल ओठ शिवून घ्यायचे.

त्या आठवड्यात लाँड्रीतून दोघीजणी गेल्या. नोरा म्हणून एक आयरिश पोरगी होती, ती बुधवारपासून आली नाही. पण तसल्या मुली यायच्या नि जायच्या, त्यांना कोण विचारतंय. आणि मंगळवारी तुझी आई, डॉर्कस. हॉब्डे बाईंशी तिचं वाजलं, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, मला म्हणाली, लेटीला जेवायला घाल. डॉर्कसचं हे तिसरं जाणं होतं. आधीच्या दोन्ही वेळा आठ दिवसांत तोंड वाकडं करून परत आली होती, म्हणून मी जागची हललेसुद्धा नाही. पाव कापला, त्याला चरबी लावली, तुला दिला. बाई सापडली ती पाच दिवसांनी, रविवारी.

बाजारातून परत आल्यापासून मी ज्याला त्याला विचारत फिरतेय, आणि कुणाला काडीचं सोयरसुतक नाही. हॉब्डे बाई वारल्या, त्यांच्या सुनेनं जुन्या वह्या चूल पेटवायला वापरल्या. जुना सार्जंट वारला. ठाण्यात नवा आहे, त्याला मिसरूडही नीट फुटलेलं नाही. त्याला सांगितलं की गॅरड जिवंत आहे. म्हणाला, "मग आनंदाची गोष्ट आहे की, आजीबाई." मी म्हटलं, अरे बाबा, मग तिच्या नावानं पुरलंय कोण? त्यानं मोठं पुस्तक काढलं, बोट फिरवलं. "एलन गॅरड." म्हटलं, गॅरड वाम मासे घेतेय बाजारात. "मग ती दुसरी गॅरड असेल." परकर कुठंय विचारलं, तर असले कपडे वर्षभरानं जाळतात म्हणे. गॅरडच्या घरी जाऊन म्हटलं, चला माझ्याबरोबर, नुसत्या उभ्या राहा त्याच्यासमोर. "आणि पुन्हा ते नाव लावून घेऊ?" म्हणाली, आणि दार लावलं. शेवटी कबरी खणणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. तो म्हणाला, गरिबांच्या खड्ड्यात सातजण एकावर एक असतात, तुमची वरून कितवी ते देवाला विचारा. देवाला विचारून झालंय. तोही ठाण्यातल्या पोरासारखाच पुस्तक बघत बसलेला दिसतो.

आता पत्त्याचं. लेटी, पत्ता नाही. कॅनडा मी काढलं. तू रोज दाराशी बसून विचारायचीस, आई कुठंय, आणि कोळशेवाल्याचा भाऊ नुकताच तिकडं गेला होता, म्हणून तेच तोंडातून निघालं. आईची म्हणून तुला आलेली ती दोन पत्रं कोळशेवाल्याच्या बायकोनं लिहिली. बर्फाचं तिनं तिच्या मनानं घातलं. ती तू पेटीत जपून ठेवली आहेस हे मला माहीत आहे. त्या जहाजात तिला शोधायला चढू नकोस, म्हणून हे लिहितेय. आणि आणखी एक आहे, जे कोळशेवाल्याच्या बायकोला सांगून लिहिता आलं नसतं. मुडदेघरात त्या परकराचा काठ फाटला होता आणि तो शिवलेला होता. टाके उलट्या बाजूला कललेले, डावखुऱ्या हाताचे. आमच्यात डावखुरी डॉर्कस एकटी. पण गिऱ्हाइकांचं फाटलंतुटलं तीच शिवायची, म्हणून मी मनाशी म्हटलं, जुनी शिवण असेल. पंधरा वर्षं तेच म्हणत आले. आता गॅरड म्हणते परकर नवाकोरा होता. म्हणजे तो त्याच सोमवार-मंगळवारी फाटला आणि डॉर्कसनं शिवला, स्वतःसाठी की सुई धरता न येणाऱ्या नोरासाठी, कोण जाणे. त्या दिवशी सार्जंटनं विचारलं होतं, "चादर बाजूला करू का, चेहरा बघता?" मी म्हटलं, कशाला, खूण स्पष्ट आहे. मी बघितलं नाही, लेटी. मी परकर बघितला आणि घरी आले. आता रोज सकाळी तो काठ डोळ्यांपुढं आणते, आणि टाके एक दिवस इकडं कललेले दिसतात, एक दिवस तिकडं. एखाद्या रविवारी सुट्टी काढून ये. तूही डावखुरी आहेस. येताना तुझ्या हातानं काठ शिवलेलं काहीतरी घेऊन ये. समोर धरून बघितलं, तर मी तिथं काय बघितलं होतं ते कदाचित मला नक्की आठवेल.

खोटं बोलली तरी तुझीच,
आजी