ताईच्या तपासणीतून सुटलेली वस्तू

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून हा बारक्या पत्र काय लिहीत बसलाय, असं म्हणत लगेच भाऊजींना हाक मारू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी भावजय नेहमीप्रमाणे माझ्यावर चिडलेली आहे, कारण कपाटातल्या तिच्या खणातही आता माझी पाकिटं, पॅड आणि पत्ते घुसलेत. परवाचा प्रयोग झकास झाला. एका गंभीर चेहऱ्याच्या वकिलाने मनात धरलेलं त्याच्या लहानपणीच्या मैत्रिणीचं टोपणनाव मी सांगितलं, तेव्हा तो असा काही लाजला की पहिली टाळी त्याच्या बायकोनेच वाजवली. पत्राबरोबर पाठवलेल्या डब्याला मात्र इतक्यात हात लावू नकोस. आधी पत्र पुरतं वाच.

प्रयोगानंतर एक मुलगी भेटायला आली. तीही मनातलं ओळखण्याचे खेळ करते, नवीनच आहे. तिने विचारलं, बाजारात इतकं सामान मिळतं, त्यातलं भरवशाचं कुठलं ते ओळखायचं कसं? मी तुझ्याबद्दल बोलत सुटलो ते सुटलोच. शेवटी नाट्यगृहाच्या रखवालदाराने किल्ल्या वाजवल्या, तेव्हा भानावर आलो. माझी बहीण विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती आणि माझं सगळं सामान तिच्या हाताखालून गेलंय, हे ऐकून त्या पोरीला माझ्या कुठल्याही खेळापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

नवी वस्तू खोटं बोलते, हे तुझं वाक्य मी तिला सांगितलं. मी उत्साहाने काहीतरी घेऊन यायचो, आणि तू ते बघायचीसुद्धा नाहीस. पर्समध्ये टाकायचीस. किल्ल्या, छत्री, खोकल्याच्या गोळ्या यांच्यात ती वस्तू आठवडेच्या आठवडे लोळायची. मग कधीतरी बाहेर काढून म्हणायचीस, आता हिचं खरं रूप दिसेल. त्यानंतर भाऊजींची पाळी. जगातली कुठलीही गोष्ट उलटी धरण्याची देणगी त्यांना आहे, आणि तिचा असा उपयोग करून घेणारी तू एकटीच. त्यांनी गुप्त कप्प्याच्या पाकिटात बसची तिकिटं कोंबली, पाठीवर बारीक खुणा असलेले खेळातले पत्ते चहाच्या कपाखाली ठेवले. आणि तू शेजारी बसून बिचाऱ्यांना जराही न टोकता बघत राहायचीस.

तो महागडा पॅड आठवतो? प्रेक्षकाने त्यावर लिहिलेलं माझ्या खिशातल्या पडद्यावर उमटायचं. दुकानदाराने दाखवला तेव्हा मी पुरता भाळलो होतो. तुझ्या घरी भाऊजींनी पॅड मांडीवर घेतला आणि सवयीने खिशातलं स्वतःचं पेन काढून लिहायला लागले. पडद्यावर काही म्हणजे काही आलं नाही, कारण तो पॅड फक्त त्याच्या सोबतच्या पेनालाच ओळखायचा. मी म्हटलं, प्रेक्षकाला आपलंच पेन द्यायचं, त्यात काय! तू शांतपणे म्हणालीस, की पेनासाठी हट्ट धरलास की तुझ्यातला मनकवडा संपला, आणि लोक तुझ्या तोंडाकडे बघायचं सोडून पेनाकडे बघणार. वस्तू बिघडणारच, फक्त बिघडली तरी माणूस उघडा पडता कामा नये, ही तुझी कसोटी. मी तिच्यावरच आजवर उभा आहे.

आणि कानात घालायचा तो मणी. पडद्यामागून साथीदाराने कुजबुजायचं आणि मी रंगमंचावर ऐकायचं. तू रिकाम्या नाट्यगृहात सगळे दिवे आणि पंखे लावून तपासलास. मण्यात नुसती खरखर आली, आणि मग कसलीही सूचना न देता तो मेलाच. तू तो माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, कानावर विसंबू नकोस, माणसांचे चेहरे बघायला शीक. मी शिकलो. आज लोक ज्याला माझी कला म्हणतात, ती सगळी त्या दुपारी सुरू झाली.

म्हणूनच, ताई, माझ्या लक्षात आलं. मागच्या महिन्यातल्या प्रयोगाला तू पहिल्या रांगेत होतीस आणि लोक हसल्यावर तू हसत होतीस, पण भाऊजींकडे एक नजर टाकून. फोनवर तू हल्ली चार शब्द बोलतेस आणि कामाचं निमित्त करून रिसीव्हर भाऊजींच्या हातात देतेस. जेवताना तू प्रत्येकाच्या ओठांकडे बघतेस आणि अर्धं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या मनातलं ओळखून उत्तर देतेस, तेही बहुतेक वेळा बरोबर. मी तिकीट लावून जे करतो ते तू घरबसल्या, कुठलंही सामान न वापरता, दिवसभर करतेस. तुझ्या मुलीलासुद्धा कळलं नाही. खरं सांगतो, इतकं सुंदर काम मी कुठल्याच रंगमंचावर पाहिलेलं नाही. मला तुझा इतका अभिमान वाटला की तुझ्यावर रागवायचं राहूनच गेलं.

भाऊजी म्हणाले, त्यांनी श्रवणयंत्राचा विषय काढला तर तू म्हणालीस, ती वस्तू मी केव्हाच नापास केली आहे. तू त्या मण्याला नापास केलं होतंस, ताई. हे वेगळं आहे, आणि मी ते तुझ्याच पद्धतीने तपासलंय. तुझ्या कारखान्यातल्या शेवटच्या कानतपासणीचा कागद भाऊजींनी मला गुपचूप दिला. तो बघून श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या बाईंनी तुझ्या दोन्ही कानांच्या यंत्रांत आवाज बसवला, आणि तू एकदा गेलीस की त्या नीट जुळवून देतील. त्यांच्याकडून तसंच एक आणखी मागून घेतलं आणि माझ्या कोटाच्या खिशात पेनं आणि सुट्ट्या नाण्यांबरोबर फिरवलं. बाजारात घातलं, नाट्यगृहात दिवे-पंखे लावून घातलं, भाऊजींना तर उलटंच घालू दिलं. दोष लपवत नाही. चमचा ताटात पडला की दचकायला होतं. वाऱ्यात शिट्टी वाजते. कानटोपी घातली तर कुरकुरतं. पण बॅटरी संपण्याआधी ते बारीक आवाज करून सांगतं, आणि बंद पडलं तर तू आज आहेस तिथेच राहतेस, त्याहून वाईट काही होत नाही. माझ्याकडून ते पास. शेवटचा शेरा तुझाच.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगतो. तुझ्या कलेला एकच गोष्ट जमत नाही, आणि ती गेल्या रविवारी तुझ्याच घरी घडली. तुझी लाडकी नात चिमणी धावत आली, तुझ्या गळ्यात पडली आणि तुझ्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली. तुला तिचे ओठ दिसत नव्हते, चेहरा दिसत नव्हता. तू अंदाज केलास, तिला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, अरे वा, छानच की! मग ती जिन्यात माझ्या शेजारी येऊन बसली. बुटाची नाडी ओढत म्हणाली, मामाआजोबा, शाळेत माझ्याशी कुणीच खेळत नाही, हे आजीला छान का वाटलं? मी तिला म्हणालो, आजीला पुन्हा एकदा सांग. ती येत्या रविवारी येणार आहे तुझ्याकडे. डबा आता उघड. लाल ठिपक्याचं उजव्या कानात घालायचं. तिला अजूनही ते आईला सांगायचं नाहीये, आणि मलाही ती परत सांगणार नाही. तिला ते तुझ्या कानातच सांगायचंय.

तुझाच,
बारक्या