प्राजक्ताच्या सामानाचा कॅरियर

५ एप्रिल, रविवार. सकाळ.

निर्णय झाला. मोटारसायकलला मागे कॅरियर बसवायचा आणि तो घरीच बनवायचा.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, कारण माणूस विसरतो. प्राजक्ता डिसेंबरात पुण्याला, वाकडला अंकिताकडे गेली. लेक स्कूटरवरून पडली होती, पाय प्लॅस्टरमध्ये. पंधरा दिवसांचं काम. प्लॅस्टर संक्रांतीला निघालं. अंकिता आता शनिवारी-रविवारी गडावर चढते. प्राजक्ता तिथेच आहे. काल फोनवर मी सहज, कुठलाही दबाव न आणता, विचारलं की घरी कधी येतेस. ती म्हणाली, बघू, इथे आता माझं सामानही बरंच साठलंय.

म्हणजे अडचण सामानाची आहे. चार महिने मी उगाच भलतेसलते विचार करत बसलो.

संकल्प: अक्षय्य तृतीयेच्या आत कॅरियर तयार. मुहूर्तावर प्रस्थान.

६ एप्रिल

स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. या मॉडेलचा कॅरियर यायचा कधीच बंद झाला म्हणे. ऑनलाइन बघा म्हणाला. बघितला. तो लडाखला जाणाऱ्या दाढीवाल्यांसाठी आहे. मला वाकडहून साड्या आणायच्या आहेत.

सोसायटीचा चेअरमन शैलेश पार्किंगमध्ये भेटला. त्याला सगळं कळतं, कारण तो सगळ्यांना विचारतो. म्हणाला, भाऊ, माझी कार घेऊन जा ना, वहिनींना आणि सामानाला एकदमच घेऊन या. मी नम्रपणे नकार दिला. एक तर कार मला येत नाही. दुसरं, ज्या माणसाने सत्तावीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात काढली त्याला चार बॅगा आणायला शेजाऱ्याची मदत लागावी? अख्ख्या जगाचं सामान मी इकडून तिकडे हलवलंय. कागदावर हलवलं, पण हलवलं.

संध्याकाळी डिझाइन काढलं. उत्तम आलं. फ्रेम करून लावावं असं.

८ एप्रिल

मटेरियलचा प्रश्न. भंगारवाल्याकडचे पाइप गंजलेले. नवीन पाइप अख्खाच घ्यावा लागतो, कापून देत नाहीत. विचार करत ओट्यापाशी चहा पीत उभा होतो आणि समोर भिंतीवर उत्तर लटकलेलं दिसलं.

मांडणी. स्टेनलेस स्टील. गंजत नाही, वाकत नाही. ताटं उभी करायला खाचा, पेल्यांसाठी कठडा, कपांसाठी हुक. हुकांना दोरी बांधता येते. इतकी वर्षं घरात असून मी तिच्याकडे नीट कधी पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंनी लग्नात दिलेली. पण सध्या तिच्यात एक ताट, एक वाटी आणि एक पेला असतो. बाकीची भांडी मी जानेवारीतच खोक्यात भरून ठेवली. धूळ बसते. एवढी मोठी वस्तू एका ताटासाठी अडवून ठेवणं मॅनेजमेंटच्या दृष्टीने चूक.

प्राजक्ताला आत्ता सांगायचं नाही. सरप्राइज. तिचीच मांडणी तिचंच सामान घेऊन येणार, यात एक काव्य आहे.

९ एप्रिल

मांडणी काढली. सोबत थोडी भिंतही आली.

भिंतीवर मांडणीच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरलाय. बाकी भिंत इतकी काळवंडली होती हे आजच कळलं. चौकोनावर कॅलेंडर टांगलं. कॅलेंडर लहान पडतं.

११ एप्रिल. दुपार.

हॅक्सॉने कापायला सुरुवात. तीन ब्लेडं मोडली. हल्ली ब्लेडांची क्वालिटी राहिलेली नाही.

ग्रुपवर शैलेशचा मेसेज: पार्किंगमध्ये दुपारी दोन ते चार कुठलंही ‘इंडस्ट्रियल काम’ करू नये. नाव लिहिलं नाही, पण हात जोडलेले टाकले. खाली अकरा जणांनी अंगठे दिले. चार महिन्यांत माझ्याविषयी एवढी चर्चा पहिल्यांदाच झाली.

१२ एप्रिल

प्राजक्ताचा फोन. म्हणजे मीच केला, पण तिने उचलला. अंकिताच्या सोसायटीत एक पाळणाघर आहे, तिथे ती सकाळी जायला लागली आहे म्हणे. पगारही देतात. एक दीड वर्षाचा मुलगा तिच्याशिवाय कोणाच्या हातून खात नाही. हे ती बराच वेळ सांगत होती. मी तिला सुचवलं की मुलांना भरवायचं टाइमटेबल करून भिंतीवर लावलं तर वेळ वाचेल. मग म्हणाली, दूध वर येतंय, ठेवते.

वेळ घालवायला बरं आहे तिला. कॅरियर होईपर्यंत.

१४ एप्रिल

अंकिताचा फोन. बाबा, तू घरात काही तोडफोड करतोयस का, शैलेशकाकांचा आईला मेसेज आला होता. मी म्हणालो, किरकोळ मेंटेनन्स. जेवतोस का नीट? जेवतो. काय जेवलास? मी म्हणालो, सगळं. मग म्हणाली, बाबा, तू आईला कधी विचारलंस का, की तिला काय हवंय. मी म्हणालो, विचारायची गरज नाही, माझ्या लक्षात आलंय, काम चालू आहे.

हल्लीच्या मुलांना धीर नाही.

१६ एप्रिल

खांदा कॉलनीच्या मागच्या बाजूला दयारामचं वेल्डिंगचं दुकान आहे. जन्मभर खिडक्यांच्या ग्रिल केल्या. आत्मविश्वास दांडगा. एका कानाला मोबाइल लावूनच वेल्डिंग करतो. मांडणी बघून म्हणाला, काका, ही कन्ची गाडी? मी डिझाइन दाखवलं. त्याने कागद उलटा धरून बघितला आणि काय नाय, होऊन जाईल म्हणाला.

झालं नाही. त्याचा रॉड त्या स्टीलला धरेना. दोनदा चिकटला, दोनदा पडला. शेवटी त्याने जुन्या ग्रिलच्या पट्ट्या वाकवून नटबोल्ट मारले आणि वर तार गुंडाळली. नको म्हणत असताना पुढच्या बाजूला ग्रिलचं एक उरलेलं कमळही बसवलं. शोभा येते म्हणाला.

सीटच्या मागे मांडणी मावेना, म्हणून ती मागच्या सीटवरच आडवी घेतली. बसताना पदर चाकात जाऊ नये म्हणून डावीकडे जी जाळी असते, ती आणि तिच्याखालचं पाय ठेवायचं फूटरेस्ट मधे येत होतं. दोन्ही कापून काढलं. आता कॅरियर भक्कम बसलाय.

प्रगती समाधानकारक.

१८ एप्रिल

ट्रायल. वजन म्हणून पाण्याचा भरलेला वीस लिटरचा जार बांधला. रस्ता मुद्दाम उलव्याचा निवडला. तिकडे रस्ता, खड्डा आणि बिल्डिंगचा पाया यांत फरक ठेवलेला नाही. तिथे टिकला तर खंडाळ्याच्या घाटात टिकेल.

पहिल्या स्पीडब्रेकरला काही झालं नाही. दुसऱ्याला जार सुटला. मला कळलं नाही. मी खुशीत पुढे बराच गेलो. गाडी हलकी चालतेय, वजनाचं वितरण किती अचूक साधलंय, असं मनात म्हणत होतो. मागून एक डंपरवाला हॉर्न मारत आला आणि त्याने खिडकीतून बाहेर हात काढून मागे दाखवलं. जार रस्त्याच्या मधोमध उभा. फुटला नव्हता. वरून विमान गेलं. हल्ली इकडून सारखी जातात. त्यातल्या लोकांना सामानाची चिंता नसते, ते वेगळं खालून जातं.

दोष दोरीचा. कॅरियरचा नाही.

१९ एप्रिल. अक्षय्य तृतीया.

प्रस्थान लांबलं. नवीन दोरी आणायची होती, दुकान बंद. श्रीखंड आणलं. डबा अर्धा किलोच्या खाली मिळत नाही.

२१ एप्रिल

दयारामकडे बोल्ट आवळायला गेलो. त्याने काम केलं, गाडीभोवती एक फेरी मारली, मोबाइल खिशात ठेवला. ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट.

“काका, कॅरियर एक नंबर झालाय. पन काकी बसनार कुठं?”

मी हसलो. सगळा विचार झालेला आहे, म्हणालो. तो पैसे नंतर द्या म्हणाला.

२२ एप्रिल

सगळा विचार झालेला आहे. प्राजक्ताचे गुडघे दुखतात, घाटातून मोटारसायकलवर तिला आणणं मुळातच योग्य नव्हतं. ती एसी बसने येईल, सामान मी आणीन. बस एक्स्प्रेसवेने येते, मोटारसायकलला तिथे बंदी, मला जुन्या हायवेने खोपोलीवरून फिरून यावं लागणार. म्हणजे ती माझ्या आधी पोचेल. मी आलो की दार उघडायला घरात कोणीतरी असेल.

हे आधी सुचलं नव्हतं. कॅरियरचा अनपेक्षित फायदा.

२५ एप्रिल

तयारी. भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. खोक्यातली भांडी काढून धुतली. ठेवायला जागा नाही, पुन्हा खोक्यात भरली. फ्रिजच्या दारावर मी ‘स्वयंपाकघरासाठी सूचना’ लावल्या होत्या, त्यांतली सातवी काढून टाकली. माणसाने लवचिक असावं. बाकीच्या राहू दिल्या, त्या आवश्यक आहेत.

३० एप्रिल

उद्या महाराष्ट्र दिन, पाळणाघर बंद. उद्याच निघायचं. न कळवता.

१ मे. रात्री परतल्यावर.

क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो. कॅरियर घाटात जराही हलला नाही. खोपोलीला वडापाव खाताना दोन मुलांनी कमळाचा फोटो काढला.

वाकडला पोचल्यावर खालून फोन केला. प्राजक्ता खाली आली. केस कापलेत तिने. बरी दिसत होती, म्हणजे जरा जास्तच बरी. गाडीकडे बघून थांबली. जवळ आली. ताटांच्या खाचांवरून बोट फिरवलं.

“अहो, ही माझी मांडणी आहे?”

मी हो म्हणालो. ती हसायला लागली. पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वॉचमन बघायला आला. मला आनंद झाला. कित्येक वर्षांत ती माझ्यामुळे अशी हसली नव्हती. मीही हसलो. मग तिचं थांबलं, पाणी मात्र थांबलं नाही. तिने ते पुसलं आणि वर चला, चहा ठेवते म्हणाली.

अंकिता आत होती. मला बघून तिने चार्जिंगला लावलेला फोन पुन्हा चार्जिंगला लावला आणि दुकानात जाऊन येते म्हणून गेली.

चहा घेताना मी प्लॅन सांगितला. सामान माझ्याबरोबर, तू बसने, आधी पोचशील, किल्ली ही घे. किल्ली टेबलावर ठेवली. प्राजक्ता किल्लीकडे बघत होती. मग म्हणाली,

“मी येत नाहीये हो.”

आवाज चढवला नाही. आज भाजीवाला आला नाही, असं सांगावं तसं. मी थांबलो, पुढे काही येईल म्हणून. ‘इतक्यात’ किंवा ‘या महिन्यात’. आलं नाही. तिच्याकडून राहून गेलं असेल.

मी म्हणालो, कॅरियर घाटात अजिबात हलला नाही. ती म्हणाली, दिसतंय, छान झालाय. आणि खरंच मनापासून म्हणाली.

मग ती आत गेली आणि एकेक बाहेर आणायला लागली. वर्षाचा मसाला केला होता, तो डब्यात. मेतकूट. पापड, कुरडया, जुन्या साडीत गुंडाळलेल्या, फुटू नयेत म्हणून. लिंबाचं लोणचं. खाली येऊन सगळं तिनेच बांधलं, मला हात लावू दिला नाही. गाठी मारताना सांगत होती, उसळीला मसाला दीड चमचा, जास्त नको, कडधान्य मूठभरच भिजवायचं, एका माणसाला पुरतं. दोनदा सांगितलं. किल्ली तिने माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि खिसा वरून थापटला.

येताना एकही वस्तू पडली नाही. गाठी तिच्या होत्या.

दार मीच उघडलं.

२ मे

शैलेशने विचारलं, वहिनी नाही आल्या? मी म्हणालो, सामानाचा पहिला हप्ता आणलाय. त्याने कार कधीही घेऊन जा म्हणून पुन्हा सांगितलं. हळू आवाजात. हा माणूस हळू बोलू शकतो हे माहीत नव्हतं.

४ मे

कॅरियर प्रकल्प: तांत्रिकदृष्ट्या पूर्ण यशस्वी. कोणी विचारलं तर सांगता येईल. कोणी विचारलेलं नाही.

६ मे

मसाल्याचा डबा उघडून बघितला. काठोकाठ आहे. तिच्या मापाने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सहज जाईल. अर्थात ती मध्येच आली तर दोघांना पुरणार नाही. नवीन करावा लागेल. इतक्या वर्षांत तिचा मसाला कधी कमी पडलेला नाही, तेव्हा तिने अंदाज घेतानाच

७ मे

कालचं अर्धवट राहिलं. महत्त्वाचं नव्हतं.

१० मे, रविवार.

मटकीची उसळ केली. मूठभर मटकी, दीड चमचा मसाला.

बरोबर एका माणसाची झाली. उरली नाही.