दुमडलेले तीन इंच

प्रिय आत्या,

तू गेलीस त्याला दीड महिना झाला. मी इथं शारजात, अल्टरेशनच्या दुकानात. रजा मिळाली नाही, दहाव्यालाही आलो नाही. लिहायला बसलो की हात थांबायचा. पण आज दुकानात जे झालं ते तुलाच सांगायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला त्यातलं काय कळणार?

इथं कपड्याला इंग्रजीत चिठ्ठी टाचून देतात. पहिल्याच दिवशी मास्टरनं विचारलं, "पढ़ना आता है?" मी सहावी नापास. पण वाचली ना चिठ्ठी! 'शॉर्टन'. म्हणजे आहे ते आखूड कर. कळंबच्या तुझ्या दुकानातली भिंत डोळ्यांसमोर आली.

लग्नाआधी तू पुण्यात कपड्याच्या कंपनीत होतीस, तिथल्या चिठ्ठ्या जपून आणलेल्या. एकेक चिठ्ठी एकेका तुकड्याला टाचून भिंतीवर टांगलेली. 'शॉर्ट'ला अर्धी बाही. 'क्रॉप'ला बेंबीच्या वर संपणारं पोलकं. 'ट्रिम'ला नुसते लोंबते दोरे. मी एकदा 'ट्रिम' वाचून अख्खी बाही छाटली, आठवतं?

"आरं, ट्रिम म्हंजी दोरं छाट! त्या पोरीचा हात न्हाय छाटायचा!"

दिवसभर हसत होतीस.

पण शब्द कुणीही शिकेल गं. तुझी खरी हुशारी दुमडण्यात. पोरांचं कापड आखूड करायला आलं की तू ते कधी कापलं नाहीस, जादाचं आत दुमडायचीस. "आत माया ठेव. पोर आज आखूड हाय, उद्या ऱ्हानार हाय का?"

माझ्या शाळेच्या पँटी तशाच. दर वर्षी एक दुमड उसवायचीस, आणि जुन्या टिपेची रेघ पायावर दिसायची. मला लई लाज वाटायची. एकदा म्हणालो, "भिकाऱ्यागत दिसतंय!" तू खाली बघून टीप उसवत राहिलीस. का नाही रागावलीस? एक थोबाडीत द्यायची होतीस.

गेल्या वर्षी एक बाई लेकीचा शाळेचा झगा घेऊन आली. शॉर्टन, तीन इंच. मास्टर म्हणाला, "काट दे, टाइम शॉर्ट है." मी दुमडला, हातानं शिवला. वेळ गेला. मास्टर तापला. परत असं केलंस तर मशीनवरून उठवून इस्त्रीला बसवीन, म्हणाला.

आज तीच बाई आली. झगा गुडघ्याच्या वर गेलेला, शाळेनं पोरीला घरी पाठवलेलं. मास्टर गेल्या वर्षीचं विसरलेला; त्यानं हात झटकले, कापड तर कापलंय, आता काय होणार? पोरगी रडकुंडीला आली. मी झगा घेतला, टीप उसवली. पूर्ण तीन इंच, आत्या! आतला रंग अजून कोरा!

इस्त्री फिरवली, तरी रेघ राहिलीच. मला वाटलं, आता तोंड वाकडं करणार. पण पोरीनं रेघेवर बोट फिरवलं, मग खालच्या काठावर, आणि आईला म्हणाली, "मैं इतनी बढ़ गई?"

मला हे शाळेत असताना का नाही दिसलं गं?

मास्टर उठला. पोरांच्या कपड्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी तिथंच रजा मागितली. हो म्हणाला.

शेवटच्या फोनवर तू विचारलंस, "कधी येतो रं?" मी ऐटीत म्हणालो, "शॉर्टली येतो." तू म्हणालीस, "त्यो शब्द माज्या भिंतीवर न्हाय. किती इंच, ते सांग." मी हसलो आणि फोन ठेवला. सांगितलं काहीच नाही.

आई म्हणते, शेजारच्या अवसरीच्या पोरींचे चार युनिफॉर्म तुझ्या मशीनपाशी कापून पडलेत. ते मी शिवणार. प्रत्येकात दुमड ठेवणार. भिंतीला हात लावणार नाही.

शॉर्टली म्हणत नाही आता. रविवारी सकाळी तुझं दुकान उघडतो.

तुझा भाचा,
बारक्या