सुजाताच्या शहरावरची दोन पानं

३० मार्च, सिंदेवाही
विहार समितीचे लोक आले. जयंतीच्या स्मरणिकेत सुजाताच्या जपानातल्या शहरावर दोन पानं पाहिजेत. "गुरुजी, पोरगी तुमची, तुमच्याशिवाय कोन लिहीन?" उगाच आढेवेढे घेतले. आतून फुगलो होतो. तिला मेसेज टाकला.

२ एप्रिल
तिचे व्हॉइस मेसेज. लहानसं शहर, एकीकडे डोंगर, एकीकडे समुद्र. म्हातारेच जास्त. पोरं नाहीत म्हणून एक शाळा बंद. खांबाखांबावर पाटी, ही जागा समुद्रापासून किती उंच. लाट आली तर कुठं पळायचं तेही लिहिलेलं. संध्याकाळी पाचला भोंग्यावर गाणं लागते, शहरभर. पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव. शेवटी म्हणते, "बाबा, मी दिवसभर मासेच कापून राह्यली. बर्फाचं पाणी. आंघोळ केली तरी वास जात नाई. हेबी लिहा, लोकाईले मजा येईन."

५ एप्रिल
लेख दिला. माशांचा भाग गाळला. 'तेथील रुग्णालयात सेवा करते' असं घातलं. दोन वर्षं सगळ्यांना हेच सांगून राह्यलो, आता छापून वेगळं कसं सांगू? कोणतंच काम हलकं नसते, हे वर्गात जन्मभर शिकवलं. वा रे मास्तर.

१४ एप्रिल
स्मरणिका वाटली. सगळ्यांनी पाठ थोपटली. सुजाताला पाठवली नाही.

१८ एप्रिल
शेजारचे रामटेके भाऊ पेढे घेऊन. त्यांची करुणा इथं दवाखान्यात नर्स. तिनं राजीनामा दिला! जपानी शिकून सुजाताच्या रुग्णालयात लागायचं म्हणे. "गुरुजी, तुमचा लेख वाचूनच ठरवलं तिनं. सोमवारी राजीनामा मंजूर होते." पेढा घेतला. छान, म्हणालो. छान!

१९ एप्रिल
सुजाताला फोन. सगळं सांगितलं.
"तुमाले माह्या कामाची लाज वाटते, बाबा?"
"नाई बेटा."
"मंग काऊन लपवलं?"
शेवटी म्हणाली, "इथी मी कोनापासून काई लपवत नाई. करुणाले तुमीच सांगा." फोन ठेवला. रडत होती, असं वाटते.

२० एप्रिल, रवि.
रामटेकेंकडे गेलो. करुणा अंगणात वही घेऊन जपानी अक्षरं गिरवत होती. "काका, हे अक्षर बरोबर हाये का, सुजाताताईले विचारा ना." चहा पिऊन परत आलो. एवढाच पराक्रम.

२१ एप्रिल, सोम.
नऊ वाजले. करुणा अकराला दवाखान्यात निघेल; मंजुरीआधी राजीनामा मागे घेता येतो. सकाळपासून चप्पल घालून बसलो आहे. सुजाताच्या आईला काल सगळं सांगितलं. म्हणते, "तुमच्यानं होत नसन तं मी सांगतो." नको म्हटलं. खोटं मी लिहिलं, हिनं कशाला तोंड द्यायचं. भाऊ दारातून हाकलतील, हाकलू देत. सुजाता मात्र पुन्हा फोन उचलेल की नाही, माहीत नाही.
एवढं लिहितो नि उठतो.