पाच मिनिटांची शांतता

४ मार्च २००३, एटापल्ली
पुण्याहून शर्वरीताई आल्या. बंदुकीच्या दोन बाजूंमध्ये सापडून गाव सोडलेल्या लोकांवर डॉक्युमेंट्री करताहेत. साउंडला माणूस पाहिजे. तालुक्यात माईक म्हणजे जाफर. लग्न, उरूस, इलेक्शन, वीस वर्षं 'हॅलो, माईक टेस्टिंग' माझंच. हो म्हटलं. सायकलला भोंगा बांधून धंदा सुरू केला तेव्हाच माझी भीती संपली.

बायको, शमसुन्निसा, म्हणाली, परवा कुकरची शिट्टी झाली तर तुम्हाला पलंगाखालून काढावं लागलं. खोटं. चप्पल शोधत होतो.

६ मार्च
भामरागड रोडला आठ झोपड्या. सुकरीबाईनं कोरा चहा दिला. कॅमेरा लागला की म्हणते, काई नाई झालं बाई. तिकडं पानी दूर होतं, म्हून आलो. (गावाला लागून ओढा आहे!) टेप बंद झाल्यावर चहाचा गंज घासता घासता म्हणाली, एक दिवस हे येत, एक दिवस ते. दोघं बी जेवून जात, अन् दोघं बी पुसत, काल कोन जेवलं?

माझे कान तिखट. ऐकलं आणि लगेच विसरायचं ठरवलं. 'हे' कोण, 'ते' कोण, इथे लिहीत नाही. वही कोणाच्याही हाती लागते. ताईंनाही सांगितलं नाही. भीतीनं नव्हे, तत्त्व म्हणून.

७ मार्च
पोट. शूटिंग रद्द.

८ मार्च
सुकरीबाईचं रिकामं गाव. ताई ओढ्याकडे गेल्या. मला काम: जागेवरची पाच मिनिटं शांतता रेकॉर्ड करा, एडिटिंगला लागते. तोंडातून शब्द नको. एवढं सोपं!

दुसऱ्या मिनिटाला घराआडून पाचोळ्यात पावलं. थांबली. पुन्हा. हेडफोनमध्ये तर बूटच. मी वळून पाहिलं नाही. हे धोरण. टेप संपेपर्यंत जागचा हललो नाही. ताईंनी विचारलं, एवढा घाम? म्हटलं, ऊन.

१० मार्च
चौकात सांगितलं: चार बंदूकवाले होते, मी नजरेला नजर दिली, निघून गेले. संध्याकाळपर्यंत लोकांनी बारा केले. मी कोणाचं मन मोडत नाही.

१५ मार्च
दुकानासमोर अनोळखी जीप. मी काउंटरखाली वायर शोधत होतो. अर्धा तास. मग कळलं, जीप पंक्चर होती.

तरी पुण्याला फोन केला, माझं नाव फिल्ममधून काढा. ताई म्हणाल्या, काढते. पण जाफरभाई, तुमची ती शांतता अप्रतिम आहे. फिल्मचा शेवट तिच्यावरच आहे. सुकरीबाई जे बोलल्या नाहीत ते त्यात आहे.

शांततेतही आपला हात बोलतो! आणि नाव नाही म्हणजे जाफर नाही. आता कोण ओळखणार?

१४ डिसेंबर
दुपारी शाळेच्या हॉलमध्ये फिल्म. सगळं एटापल्ली लोटलं. झोपड्यांमधले लोकही आले. मी पहिल्या रांगेत, शमसुन्निसाच्या शेजारी.

शेवटी पडद्यावर रिकामी घरं. आणि स्पीकरमधून (स्पीकर माझेच): या अल्ला. मी काई पाह्यलं नाई. मी कोनाले जेवू घातलं नाई. मी फक्त माईकवाला. मले घरी जाऊ द्या.

मी बोललो होतो? मला आठवत नाही. आवाज मात्र तालुक्यानं वीस वर्षं ऐकलेला. मागून कोणीतरी ओरडलं, हॅलो, माईक टेस्टिंग! हॉल फुटला. मग पाचोळ्यात पावलं, माझे दात, पुन्हा पावलं. आणि अगदी स्वच्छ: पक्... पक पक पकाक.

बारा बंदूकवाले.

झोपडीवाले हसले नाहीत. 'जेवू घातलं नाई' ऐकलं तेव्हा तर त्यांच्यातलं कोणी हललंही नाही.

बाहेर सुकरीबाई आडवी आली. म्हणाली, भाऊ, ते माही लाल कोंबडी होय. निंगतानी सापडलीच नाई. तवा जित्ती होती तं आता बी असन. आमी काई तिकडं जाऊ शकत नाई. तू तं जाऊन आला. आनून दे.

शमसुन्निसा बघत होती. म्हटलं, परवा आणतो.

१६ डिसेंबर, सकाळी ६
पिशवी घेतली, मूठभर धान घेतलं. निघालो.

सकाळी ८
कंबर धरली. नाक्यावरून परत.

१७ डिसेंबर
बाजारातून लाल कोंबडी घेतली. तशीच, थोडी जाड. झोपडीवर नेऊन दिली. म्हटलं, घ्या बाई, अजून तिथेच होती बिचारी.

सुकरीबाईनं तिला उचललं, पाय पाहिले, पंख उघडून पाहिले. म्हणाली, हे माही नाई, भाऊ.

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो.

तिनं कोंबडी टोपलीखाली झाकली, चुलीवर चहा ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, कोनी पुसलं तं सांगीन, भाऊ जाऊन आला.